सोनेरी तास आणि नळाची पाळी

फोटोग्राफीच्या कोणत्याही कोर्सचं माहितीपत्रक उघडा. कॅमेरा कोणता लागेल, लेन्स कोणती, मेमरी कार्ड किती जीबीचं, आठवड्याला किती तास द्यावे लागतील, सगळं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. एक प्रश्न मात्र कुठेच नसतो: घरी माणसं किती? खरं तर प्रवेशअर्जातला पहिला रकाना हाच हवा. कोर्स करणारा जर कुणाचा बाप किंवा कुणाची आई असेल, त्यातून घर बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीसारख्या गावात असेल, जिथे दिवसाढवळ्या दाराला आतून कडी लावली की घरात आजारपण तरी आहे किंवा भांडण तरी, असे दोनच अर्थ निघतात, तर कोर्सचं पुढे काय होणार हे कॅमेऱ्यापेक्षा त्या रकान्यावर ठरतं. सर्वसाधारण समज असा, की घर हा कोर्सच्या वाटेतला धोंडा. म्हणून तर ‘पोरं जरा मोठी झाली की करू’ या वाक्यावर अनेकांचे कोर्स वर्षानुवर्षं टांगलेले असतात. पोरं मोठी होतात आणि स्वतःच कोर्स लावतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. लेकुरवाळ्या माणसाचा फोटोग्राफीचा कोर्स तो माणूस पूर्ण करत नाही, त्याचं घर पूर्ण करतं. तो फी भरतो आणि शेवटी प्रमाणपत्रावर नाव लावून घेतो. निरोपसमारंभात ‘हे सारं कुटुंबाच्या सहकार्यामुळे’ म्हणतात, तसल्या गोड बोलण्यातला हा प्रकार नव्हे. याला पुरावा आहे, आणि तो तपासून घेता येतो.

सुरुवात उजेडापासून करू, कारण कोर्सही तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या धड्यात ‘गोल्डन अवर’ येतो, म्हणजे सोनेरी तास. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना हवेच्या जाड थरातून तिरकं यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि उरलेला उजेड हळदीच्या दुधासारखा मऊ होऊन चेहऱ्यावर पडतो. धडा म्हणतो, फोटो याच वेळी काढा. धडा लिहिणारा बहुधा थंड देशातला असतो. तिकडे सूर्य रमतगमत तिरका चढतो, त्यामुळे तो तास खरोखर तासभर टिकतो. वडनेर एकविसाव्या अक्षांशाच्या आसपास. इथे सूर्य शिडी लावल्यासारखा सरळ वर चढतो आणि जेमतेम अर्ध्या तासात सोन्याचं पितळ करून मोकळा होतो. आता नेमक्या त्याच अर्ध्या तासात घरात काय चाललेलं असतं? नळ आलेला असतो आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो. दूध उतू जाण्याच्या बेतात असतं. एका पायातला मोजा सापडलेला आणि दुसऱ्या पायातला बेपत्ता असतो. शाळेची व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न देत असते. संध्याकाळचा सोनेरी अर्धा तासही तसाच: दिवेलागण, कुकर, गृहपाठ आणि ‘आई, उद्या चार्ट पेपर न्यायचाय’ ही ऐनवेळची वार्ता. मधली सगळी दुपार मोकळी असते, पण तिचा उपयोग नाही. मेच्या अखेरीस तर इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, माणसाची सावली त्याच्याच पायाखाली लपते आणि फोटोत प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. थोडक्यात, ज्या वेळी फोटो काढायचा त्या वेळी घरात माणूस हवा असतो, आणि ज्या वेळी घर सोडतं त्या वेळी फोटो निघत नाही. उजेड सूर्य देतो हे खरं. तो वापरायची रजा मात्र घर मंजूर करतं. कुणीतरी नळावर उभं राहिलं, कुणीतरी मोजा शोधला, तेव्हा कुणाचा तरी दुसरा धडा पूर्ण झाला. पहिला पुरावा हा.

पुढे ‘स्टिल लाइफ’ येतं. टेबलावर पितळी तांब्या, दोन केळी, एक लिंबू ठेवायचं, खिडकीतला उजेड एका बाजूने घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करून सावल्या हलक्या करायच्या. अभ्यासक्रमात हा सोपा पाठ समजतात, का तर वस्तू हलत नाहीत. लेकुरवाळ्या घरात वस्तूंइतकं कुणीच हलत नाही. पांढरा कागद आणायला गेलेला माणूस परतेपर्यंत तांब्या पाणी भरायला गेलेला असतो, लिंबू वरणावर पिळलेलं असतं आणि दोन केळ्यांचं एक झालेलं असतं. मांडणीच्या नियमांचंही तेच. ‘रूल ऑफ थर्ड्स’ सांगतो की मुख्य माणूस चौकटीच्या मधोमध नको, एक तृतीयांश अंतरावर हवा. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याला मधोमध खुर्ची न देता कडेला सरकवून पाहा. पुढचे सहा महिने त्याचा जाब द्यावा लागतो. ‘एफ १.८’ ठेवून मागचं सगळं धूसर करा, हा दुसरा उपदेश. पण फोटो ज्यासाठी काढायचा तो नवा फ्रिज मागेच असतो, आणि त्याचे हप्ते चालू असताना त्याला धूसर करणं कुणालाच मंजूर नसतं. ‘निगेटिव्ह स्पेस’ म्हणजे चौकटीत मुद्दाम सोडलेली मोकळी जागा, ही कल्पना तर गावात टिकूच शकत नाही. मोकळी जागा दिसली की शेजारची दोन पोरं तिथे येऊन उभी राहतात, आणि कुणीतरी मागून आवाज देतं, ‘अवं, जागा हाय ना, तूबी ये!’

इथे पहिला आक्षेप येतो. ही सगळी उदाहरणं तर घर आड येतं याचीच झाली! वरवर पाहता तसं वाटतं खरं. म्हणून एक उदाहरण जरा जवळून पाहू. वडनेरहून महामार्गाने नांदुऱ्याकडे निघालं की १०५ फुटी हनुमान लागतो. पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं आणि फोटो काढणं क्रमप्राप्त. आजीला मूर्तीच्या पायाशी उभं केलं आणि मूर्ती मुकुटापासून पायापर्यंत मावेल इतकं मागे गेलं, तर हिशेब साधा आहे: १०५ फुटांपुढे पाच फुटांची आजी म्हणजे एकविसावा भाग. मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर ती तुरीच्या दाण्याएवढी दिसते, आणि हा दाणा आपल्याच आजीचा आहे हे बाणाची खूण करून सांगावं लागतं. कोर्समधल्या परस्पेक्टिव्हच्या धड्यात यावर तोड आहे. कॅमेरा मागेच ठेवायचा, आजीला मात्र मूर्तीपासून दूर, कॅमेऱ्याच्या चार-पाच पावलांवर आणायचं, आणि आपण जमिनीलगत बसून वर पाहायचं. हनुमान पूर्ण येतो आणि आजीही आजीएवढी येते. धडा एवढ्यावर संपतो. खरी परीक्षा पुढे आहे. आजी म्हणते, ‘मले देवाच्या पायापाशी उभं रायचं हाय. रस्त्यात काऊन उभी करून रायला?’ हा प्रश्न चुकीचा नाही. फोटो म्हणजे तिच्या लेखी दर्शनाचा पुरावा, आणि देवापासून शंभर पावलांवर उभं राहून दर्शन झालं असं कोण मानेल? तेव्हा शिकणाऱ्याला दोन फोटो काढावे लागतात. एक आजीच्या म्हणण्याप्रमाणे, एक धड्याप्रमाणे. मग दोन्ही तिच्यासमोर धरायचे. दुसऱ्या फोटोत देवाचा हात आपल्या डोक्यावर असल्यासारखा दिसतो, हे आजीच शोधून काढते. पुस्तकात ते कुठेही लिहिलेलं नसतं. परस्पेक्टिव्ह म्हणजे काय, तर कोण कुठून पाहतंय, ही व्याख्या त्या दिवशी पाठ होते. नातेवाईक नसलेल्या विद्यार्थ्याला पुतळा मिळतो. आक्षेप घेणारी आजी मिळत नाही.

एक्सपोजरचा, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा याचा, धडाही असाच. कॅमेऱ्यातलं मीटर म्हणजे लग्नाची स्थळं सांगणारा मध्यस्थ. त्याच्या हिशेबी जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम. पांढऱ्याशुभ्र कापसाच्या ढिगाकडे कॅमेरा वळवला की ते म्हणतं, फार उजेड झाला, आणि ढीग सिमेंटसारखा करून ठेवतं. काळ्या मातीकडे किंवा पोळ्याला सजवलेल्या काळ्या बैलाकडे वळवला की म्हणतं, फार अंधार आहे, आणि बैलाला राख फासल्यासारखा करतं. उपाय असा की कापसाला एक-दीड स्टॉप उजेड वाढवून द्यायचा आणि बैलाला तेवढाच कमी करायचा, म्हणजे पांढरं पांढरं दिसतं आणि काळं काळं. काळ्या कसदार जमिनीत पांढरा कापूस पिकवणाऱ्या मुलखात या धड्यासाठी स्टुडिओची गरजच नाही. पण चूक झाली हे सांगणार कोण? कोर्सच्या शिक्षकाला करडा कापूस पाहून फार तर ‘अंडर’ एवढंच म्हणता येतं. घरातला शेती केलेला म्हातारा माणूस फोटो हातात घेताच सांगतो, ‘हा कापूस भिजेल हाय. याले भाव भेटत नाई.’ एका स्टॉपची चूक ज्याने भावात मोजून दिली, त्याच्याएवढा काटेकोर परीक्षक कुठल्या संस्थेत मिळेल? शटरस्पीडचं शिक्षण तर मुलं मोफत देतात. ट्यूबलाइटच्या उजेडात १/३० वर काढलेल्या फोटोत आठ वर्षांच्या पोराला सहा हात दिसतात. अंगणात जाऊन १/५०० लावलं की दोनच राहतात. आयएसओ वाढवला की दाणे दिसतात, लेन्सचं छिद्र मोठं केलं की एकाच भावंडाचा चेहरा स्पष्ट येतो आणि दुसरं रुसतं. एक्सपोजरचा त्रिकोण ज्याला म्हणतात, तो दोन पोरं आणि एक ट्यूबलाइट असलेल्या खोलीत एका संध्याकाळी अंगी मुरतो.

आता आकड्यांकडे वळू. घरबसल्या करायचे कोर्स लोक पूर्ण करत नाहीत ही तक्रार जगभरची आहे. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या एडेक्स या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सेसची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी तपासून दोन संशोधकांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं होतं. नाव नोंदवणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी कोर्स एकदाही उघडलाच नाही. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या शंभरांत कोर्स पूर्ण करणारे तीनच्या आसपास होते. आणि ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा ४६ च्या घरात होतं. याचा सरळ अर्थ असा लावतात की पैसे भरणारा माणूस मुळातच गंभीर असतो. तो अर्थ अगदीच चूक नाही. पण गांभीर्य ही गोष्ट दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकते, हे ज्याने कधी पहाटे उठून फिरायला जायचा संकल्प सोडला आहे त्याला सांगायला नको. पैसे भरण्यात आणखी एक गोष्ट होते, जी आकड्यांत दिसत नाही: घराला कळतं. फुकटचा कोर्स माणूस गुपचूप लावू शकतो आणि गुपचूप सोडू शकतो. फीचा कोर्स महिन्याच्या हिशेबात येतो, किराण्याच्या आणि शाळेच्या फीच्या रांगेत बसतो, आणि मग दर रविवारी जेवताना कुणीतरी विचारतं, ‘काय झालं त्या कोर्सचं? पैसे गेले का पान्यात?’ जगातल्या कोणत्याही संस्थेची आठवण करून देणारी यंत्रणा या प्रश्नाच्या जवळपास जात नाही. आकडे घराबद्दल काही बोलत नाहीत, हा अर्थ मी लावलेला आहे हे कबूल. पण वडनेरात तो लावायला फार बुद्धी लागत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र या जिल्ह्याबाहेरचा आणि शंभर वर्षांपूर्वीचा आहे. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला स्टुडिओही थाटला. १९१२ साली ते लंडनला जाऊन आले आणि कॅमेरा घेऊन आले, तेव्हा ते बेचाळिशीत शिरलेले, पोराबाळांचे गृहस्थ होते. आजच्या भाषेत सांगायचं तर नोकरीधंदा सोडून कोर्स लावलेला बाप. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी कुंडीतल्या अंकुराची वाढ टिपली, रोज थोडी थोडी फिल्म घेत, महिन्याहून अधिक काळ. तोच ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट. आता सांगा, मुलं असलेल्या घरात कुंडीतलं रोप महिनाभर एकाच जागी, एकाच उजेडात, कुणी उपटल्याशिवाय राहतं, हे श्रेय कॅमेऱ्याचं की घराचं? पुढचं तर लिखित आहे. विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडावी लागत. ती अंधारात पाडायला फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. रसायनं तयार करणं, फिल्म धुणं हेही त्या शिकल्या. चित्रीकरणात उजेड परतवण्यासाठी भर उन्हात पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला, आणि मुलगी मंदाकिनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून एकाचं नाव झालं, आणि ते योग्यही आहे. पण हा कोर्स घराने पूर्ण केला, याला आणखी कसला दाखला हवा? वर आपण स्टिल लाइफसाठी जो पांढरा कागद शोधत होतो, त्याच कामाची चादर सरस्वतीबाईंच्या हातात होती. कोर्समध्ये तिला ‘रिफ्लेक्टर’ म्हणतात.

आणि इथेच दुसरा, जास्त बोचरा आक्षेप उभा राहतो. एखादी बाई विचारेल, वा रे वा! म्हणजे नळावर आम्ही, चादर धरायला आम्ही, आणि तुम्ही लेखात ‘घर’ म्हणून मोकळे? हा आक्षेप मला खोडता येत नाही. मान्य करूनच पुढे जावं लागतं. ‘घर’ हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे. ‘घरी विचारून सांगतो’ यात घर म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा बापाच्या कोर्सवर नको, आईच्या कोर्सवर व्हावी. बाप कॅमेरा घेऊन पहाटे बाहेर पडला तर ‘छंद आहे’ म्हणतात. आई बाहेर पडली तर ‘डबा कोणी केला?’ विचारतात. बापाचं केळं खाल्लं गेलं तर त्याची गंमत होते. आईने केळं फोटोसाठी राखून ठेवलं तर पोराला उपाशी ठेवल्याची चर्चा होते. उदाहरणच द्यायचं तर, होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ चा, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याच वर्षाचा. शिक्षण जे. जे.मध्येच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं; पण त्यांची सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. एका घरात बायकोने चादर धरली आणि नाव नवऱ्याचं झालं; दुसऱ्या घरात बायकोने कॅमेरा धरला, तरीही आधी नाव नवऱ्याचंच झालं. तेव्हा माझं विधान दुरुस्त करून घेतो: कोर्स घर पूर्ण करतं हे खरं, पण ज्या घरात चादर आळीपाळीने धरली जाते तिथेच हे वाक्य अभिमानाने म्हणावं. बाकीच्या घरांत ते कबुलीजबाब म्हणून म्हणावं. यावरून प्रवेशअर्जात दुसराही एक रकाना सुचतो: सोनेरी तासाला नळावर कोण?

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा. हातात मोबाइल असताना कोर्स कशाला? तो एका क्षणात चार-सहा फोटो घेतो, त्यांचा एक करतो, चेहरा ओळखतो, डोळा धरतो, काळोख उजळतो. आणि त्याला जोडूनच, वडनेरात फोटो काढण्यासारखं आहे तरी काय? पहिल्याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगाने बेसाल्टच्या खडकातलं ते जवळपास दोन किलोमीटरचं विवर सरबताच्या वाटीसारखं दिसू लागलं. मोबाइलवर आलेले फोटो पाहून अनेकांची पहिली प्रतिक्रिया एकच होती: फिल्टर लावलाय. मोबाइलने ही पंचाईत केली, की खरा रंगही आता खोटा वाटतो. व्हाइट बॅलन्सचा धडा केलेल्या माणसाला पुरावा कसा द्यायचा ते माहीत असतं. चौकटीच्या कोपऱ्यात एक पांढरा रुमाल धरायचा. रुमाल पांढरा आला आणि पाणी गुलाबी, तर रंग पाण्याचा. पोरं असलेल्या घरात पांढराच राहिलेला रुमाल मिळणं हा वेगळा प्रश्न आहे, पण तंत्र पक्कं आहे. दुसऱ्याचं उत्तर दारातच आहे. सुरतेकडून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग गावावरून जातो. पूर्वी त्याचा नंबर ६ होता, आता ५३ आहे, नंबर बदलला तरी ट्रक तेच. अर्धा देश ताडपत्रीखाली झाकून समोरून जातो, आणि ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचत बसलं तरी ‘स्ट्रीट फोटोग्राफी’चा अख्खा पाठ होतो. अडचण एवढीच की महामार्गाच्या कडेला कॅमेरा लावून उभा असलेला एकटा माणूस गावाला फोटोग्राफर वाटत नाही. ‘मोजनीवाले आले का? कोनाचं वावर जाते?’ असा पहिला प्रश्न येतो, आणि दुसरा, ‘कुठी अपघात झाला?’ मात्र तोच माणूस एका हाताने पोराचं बोट धरून आला तर कुणी काही विचारत नाही. पोराचं बोट धरून जमीन मोजायला कुणी येत नसतं. उलट लोकच पोराशी बोलतात, हसतात, आणि नेमका हवा तो चेहरा चौकटीत येतो. कुटुंब हा असा परवाना आहे, जो कोणत्याही संस्थेच्या ओळखपत्रावर मिळत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी: त्या प्रमाणपत्राचा उपयोग काय? लग्नसराईत भाव खायचा तर ते दाखवावं लागत नाही, आणि नातेवाइकांच्या लग्नात ते असलं की फुकट फोटो काढावे लागतात, हे नुकसानच. शेजारच्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढून २०१६ साली पद्मश्रीपर्यंत पोचले, पण त्यांचं नाव त्या कामामुळे घेतात, प्रमाणपत्रामुळे नव्हे. हे सगळं मान्य. प्रमाणपत्राचा खरा उपयोग एकच: ते आलं म्हणजे कोर्स संपला हे घराला अधिकृतपणे कळतं, आणि केळी पुन्हा मोकळेपणाने खाता येतात. कोर्स कोणी पूर्ण केला याचा निकाल लावायचा असेल तर ते भिंतीवर लावायचा दिवस पाहावा. चौकट होते, खिळा ठोकला जातो, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायला त्याचा फोटो हवा असतो. कोर्स केलेला माणूस स्वतः प्रमाणपत्राशेजारी उभा असल्यामुळे फोटो दुसऱ्या कुणालातरी काढावा लागतो. मोबाइल हातात घेतलेलं पोर म्हणतं, ‘काचेवर ट्यूब दिसून रायली, थोडं तिरपं धरा.’ आतून कुणीतरी सांगतं, ‘ट्यूब बंद कर आनि खिडकी उघड.’ घरातला म्हातारा माणूस प्रमाणपत्राच्या कागदाकडे पाहून बजावतो, ‘पांढरं हाय, उजेड वाढव, नाई त भिजेल दिसते.’ आणि आजी, कुणी न सांगता, भिंतीपासून चार पावलं पुढे येऊन कॅमेऱ्याजवळ उभी राहते. मधोमध उभा असतो तो एकटाच, कोर्सचा सर्वांत पहिला नियम मोडून, आणि प्रमाणपत्रावर नाव असतं त्याचंच.